बेबीनंदाच्या जीपचा काटा

बेबीनंदा जीप चालवते, याचं आता धावड्यात कुणाला काही वाटत नाही. पहिल्या वर्षी वाटायचं. सकाळी सातला तिची पिवळी जीप अकरा पोरं घेऊन भोकरदनच्या रस्त्याला लागली की टपरीवरचे लोक हातातला चहा तसाच धरून बघत राहायचे. आता फार तर एखादा हात वर करतो.

गाडी तिच्या नवऱ्याची, राजानंदची. कितीतरी वर्षं त्यानं ती काळी-पिवळी म्हणून धावडा-भोकरदन चालवली, मग शाळेची पोरं धरली आणि तिला पिवळा रंग दिला. लॉकडाऊनमध्ये गाडी उभी होती तेव्हा मका काढलेल्या रानात त्यानं बायकोला चालवायला शिकवलं. त्याला करमत नव्हतं म्हणून त्यानं शिकवलं, तिलाही करमत नव्हतं म्हणून ती शिकली. लायसन काढलं ते त्याच्या हट्टापायी. त्यानंतर तीन वर्षांनी राजानंदला लकवा मारला आणि गाडीची चावी बेबीनंदाकडं आली.

उजवं अंग गेलं होतं. पाय काठीच्या आधारानं परत आला, हात अर्धामुर्धा आला. वाचा मात्र वेगळ्याच तऱ्हेनं आली. आवाज स्वच्छ, पण शब्द भलताच. पाणी पाहिजे असलं की तो ‘मीठ’ म्हणायचा. आपल्या आईला, चांगुणाबाईला, ‘मामा’ म्हणून हाक मारायचा. होय म्हणायचं असलं तरी तोंडातून न्हाईच निघायचं, मान तेवढी होयची हलायची. मुलगी साक्षी संभाजीनगरला नर्सिंग शिकते. तिनं आईला फोनवर समजावून सांगितलं की पप्पांना सगळं कळतं, काय बोलायचं तेही कळतं, फक्त शब्द उचलायला गेलं की शेजारचाच हाताला लागतो. फारच अडलं तर वस्तू त्यांच्या हातात द्यायची. बेबीनंदाला हे कळलं आणि कळलंही नाही. शेजारचा म्हणजे कोणता? पाण्याच्या शेजारी मीठ आलं कुठून?

ह्या सगळ्यात ती कशीबशी रुळली होती, आणि मग जानेवारीतली ती थंडी आली.

तशी थंडी धावड्यानं बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती. अजिंठ्याच्या डोंगरावरनं वारा खाली उतरायचा आणि पहाटे मोबाईलवर सहा अंशांचा आकडा दिसायचा. हौदाच्या पाण्यात हात घालवत नव्हता. पहिल्या सकाळी बेबीनंदानं सेल्फ मारला तर इंजिन नुसतं कण्हलं. पुन्हा मारला, पुन्हा कण्हलं. पाचव्या-सहाव्या वेळी धरलं आणि मागनं पांढऱ्या धुराचा असा लोट निघाला की शेजारच्या कल्याणची म्हैस दावं तोडून पळाली.

कल्याण म्हणजे ट्रॅक्टरवाला, मनानं चांगला. त्यानं सांगितलं, “वैनी, जनावराला थंडी वाजती तशी गाडीलाबी वाजती. खालून ऊब द्या.” आणि दुसऱ्या दिवशी तोच घमेल्यात निखारे घेऊन आला. ते त्यानं इंजिनखाली, ऑइलच्या चेंबरला जरा लांब धरून, सरकवले. बेबीनंदा पाण्याची बादली घेऊन शेजारी उभी. डिझेलच्या गाडीखाली विस्तव ठेवायचा हे तिला पटत नव्हतं, पण गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली, मग न पटून काय करणार. चांगुणाबाईनं आपली जुनी वाकळ बाहेर काढली आणि सांजच्याला बोनेटवर पांघरून चारी कोपऱ्यांना दगड ठेवले. टपरीवरच्या एकानं रेडिएटरपुढं पुठ्ठा लावायला सांगितलं. दुसऱ्यानं पुठ्ठा बिलकुल लावू नका म्हणून सांगितलं, इंजिन जळंल. तिनं एक दिवस लावला, एक दिवस काढला.

शेवटी भोकरदनला स्टँडजवळच्या गॅरेजात तिनं हीटर प्लग बदलून घेतले, तेव्हा सकाळी गाडी चालू न होण्याचं दुखणं गेलं. पण खरं दुखणं पुढंच होतं. डॅशबोर्डवर पाण्याच्या गरमीचा जो काटा असतो, तो जागचा हलायचाच नाही. पाऊण तासाचा रस्ता संपून शाळेचं फाटक आलं तरी काटा आपला खाली, पहिल्या रेघेला टेकून. धूर जात नव्हता. चढावर गाडी ओढत नव्हती. मागच्या पोरांचे डोळे चुरचुरायचे, डिझेलही जास्त जायला लागलं होतं.

काटा खाली आहे म्हणजे इंजिन गार आहे. इंजिन गार आहे म्हणजे चांगलंच आहे. बेबीनंदाचा हिशोब इथवर यायचा आणि अडायचा, कारण चांगलं असलेलं इंजिन असं खोकत कशाला असेल?

काटा वर जाण्याची तिला धास्ती होती आणि त्याला कारण होतं. आठ वर्षांपूर्वी मे महिन्यात लग्नाचं वऱ्हाड घेऊन राजानंद घाट चढत होता, ती मागच्या सीटवर होती. अर्ध्या घाटात बोनेटमधून वाफ फुटली. लहान पोरं किंचाळली, एका म्हातारीनं चालत्या गाडीतनं उडी टाकायला दार उघडलं, तिला बेबीनंदानं पदराला धरून मागं ओढलं. इंजिनचं हेड गॅस्केट गेलं होतं, ऑइलमध्ये पाणी शिरलं होतं. दोन महिने गाडी उभी राहिली. त्यानंतर राजानंदचा एकच कायदा झाला, आणि गाडी शिकवताना त्यानं तोच पहिल्यांदा सांगितला: काटा अर्ध्यावर आला की गाडी बाजूला घ्यायची. पण काटा वर गेलाच नाही तर काय करायचं, हे त्यानं कधी सांगितलं नव्हतं.

म्हणून एका संध्याकाळी ती त्याच्या खाटेजवळ बसली आणि सगळं सांगितलं. धूर, काटा, पुठ्ठा, घमेलं. राजानंद नीट ऐकत होता. काटा वर येत नाही म्हटल्यावर तो एकदम उठून बसला.

“खिडकी,” तो म्हणाला.

तिनं उठून खिडकी लावली. त्यानं डावा हात झटकला. “खिडकी. काढली. खिडकी काढली.”

खिडकी तर जागेवर होती. तिनं कडी पुन्हा दाबून बघितली. चांगुणाबाई आतून आली, लेकाला वारा लागतोय म्हणून फटीत पोतं कोंबलं. राजानंदनं डोळे मिटून घेतले आणि भिंतीकडं तोंड केलं.

हे मग रोजचं झालं. तिनं गाडीचं नाव काढलं की त्याची खिडकी सुरू. कधी खिडकी, कधी दार. खिडकी गार, खिडकी गरम. एक दिवस तर तो खरंच थंडीनं कुडकुडत होता, अंगावर काटा होता आणि तोंडात खिडकीच, तेव्हा बेबीनंदानं जीपच्या खिडक्यासुद्धा बघून घेतल्या. मधल्या सीटची काच अर्धवट खाली राहायची. तिथं तिनं पुठ्ठा लावला, घरी येऊन त्याला सांगितलं की लावली हो खिडकी. त्यानं कपाळावर हात मारून घेतला.

पोर बोबडं बोलतं तेव्हा आईला कळतं. इथं स्वच्छ मराठीत नवरा बोलत होता, आणि बावीस वर्षांच्या संसारानंतर तिला कळत नव्हतं. चुलीपुढं बसल्यावर तिला वाटायचं, आपलंच डोकं फिरायला लागलं की काय.

पंचवीस तारखेच्या आसपास आणखी एक गोष्ट झाली. ऑइल बघावं म्हणून तिनं इंजिनवरचं टोपण फिरवून काढलं, तर आतल्या बाजूला पांढरट, दुधाच्या सायीसारखं काहीतरी माखलेलं. हे तिनं एकदाच पाहिलं होतं, घाटात गाडी तापली त्या वेळी. ऑइलमध्ये पाणी गेलं की असंच होतं, हे राजानंदनंच तेव्हा दाखवलं होतं. पण तेव्हा इंजिन तापून उकळलं होतं, आणि आता तर काटा जागचा हलत नव्हता. तापलेल्या इंजिनला होतो तो आजार गार इंजिनला कसा झाला?

स्टँडजवळच्या गॅरेजवाल्यानं टोपण पाहिलं आणि हात पुसत निकाल दिला: हेड गेलं, इंजिन खोलावं लागंल, पंधरा दिवस धरून चाला. पंधरा दिवस म्हणजे पोरं दुसऱ्या गाडीला जाणार आणि गेलेली पोरं परत येत नसतात. तिनं त्याला काट्याचं विचारलं. तो म्हणाला, काटाबी खराब झाला असंल. तिला ते पटलंही, कारण मग सगळ्याचा मेळ बसत होता. पण काटा खराब आणि हेडही खराब, दोन्ही एकाच थंडीत? पोरांना शाळेतनं घ्यायला अजून वेळ होता. तिनं टोपण घट्ट बसवलं आणि जीप बाजाराच्या मागच्या बाजूला बद्रीनाथ मिस्त्रीकडं नेली.

बद्रीनाथ मिस्त्री साठीच्या पुढचा. ट्रॅक्टर आणि विहिरीवरची इंजिनं हेच त्याचं काम, जीपा तो आता घेत नसे. पण राजानंदचं नाव ऐकून स्टुलावरनं उठला. टोपण बघितलं. ऑइलची पट्टी काढून बोटानं चोळली, ऑइल काळं आणि चोख होतं. रेडिएटरचं झाकण उघडून विचारलं, पाणी कमी होतं का? होत नव्हतं. मग इंजिन चांगलं गार होईस्तोवर त्यानं तिला चहा पाजला, गाडी पुन्हा चालू करायला लावली आणि रेडिएटरला वरून जो जाड रबरी पाइप येतो त्याच्यावर तळवा ठेवून डोळे मिटून उभा राहिला. डॉक्टर नाडी धरतो तसा. मिनिट-दीड मिनिटानं त्यानं तिचाही हात त्या पाइपवर ठेवला.

“काय लागून राह्यलं?”

“कोमट,” बेबीनंदा म्हणाली.

“एवढ्या जल्दी कोमट लागाया नको. आधी बराच वेळ थंडगार, आन् मंग एकदम गरम, असं पाह्यजे.” त्यानं इंजिन बंद करायला सांगितलं आणि पाइपच्या मुळाशी असलेलं दोन बोल्टचं झाकण खोललं. आत बोट घालून फिरवलं. “न्हाईच. ताई, तुमची गाडी आजारी न्हाई. ती थंडीत उघडी निजून राह्यली.”

मग त्यानं सावकाश सांगितलं. इंजिनभोवती पाणी फिरतं. ते चांगलं गरम होईस्तोवर त्याला रेडिएटरकडं जाऊ द्यायचं नसतं, म्हणून ह्या जागी एक बारका वॉल, म्हणजे झडप, असतो. गार असला की मिटलेला, गरम झाला की आपोआप उघडतो. तिच्या गाडीचा वॉल कुणीतरी काढून टाकला होता. त्यामुळं पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरात जाऊन गार होऊन येत होतं आणि ह्या थंडीत इंजिनला ऊब धरायला सवडच मिळत नव्हती. टोपणाची साय म्हणजे हेड गेलेलं नव्हे, गार इंजिनात आतून धरलेला घाम. हेड शाबूत होतं.

“पर इंजिन गरम होऊ नये म्हणूनच रेडिएटर असतो ना?” तिनं विचारलं.

“जास्त गरम होऊ नये म्हणून. गरम तर व्हायलाच पाह्यजे. गार इंजिन चांगलं, असं कोन म्हनलं तुमाला?”

कोण म्हणालं ते बेबीनंदाला माहीत होतं. मिस्त्रीनंच पुढं सांगितलं की आपल्या भागात सगळेच हा वॉल काढतात. उन्हाळ्यात गाडी तापली की ड्रायव्हर लोक आधी त्याच्यावर संशय घेतात. तरुणपणी त्यानं स्वतः कितीतरी काढून फेकले होते, आणि बऱ्याच उशिरा त्याला कळलं की बहुतेक वेळा चूक त्या वॉलची नसायचीच.

नवा वॉल शेजारच्या दुकानात मिळाला. बसवायचं उद्यावर ठेवलं, पोरांना घ्यायची वेळ झाली होती. वॉल पर्समध्ये घालून ती घरी आली. वाटेत तिला घाटानंतरचे ते दिवस आठवत होते. दुरुस्त झालेली गाडी घेऊन आला तेव्हा राजानंद खुशीत होता, म्हणाला होता की असं काम केलंय की आता गाडी कधी तापायची नाही. काय काम, हे तिनं विचारलं नव्हतं. तेव्हा तिला फक्त हायसं वाटलं होतं.

घरी आल्यावर तिनं त्याला सरळ विचारलं, “गाडीचा वॉल तुम्ही काढला होता का?”

“न्हाई,” तो म्हणाला आणि मान होयची हलली.

तिनं पर्समधून वॉल काढून त्याच्या डाव्या तळव्यावर ठेवला. पितळी रंगाची, मुठीत मावेल एवढी वस्तू, मधे स्प्रिंगवरची गोल चकती. राजानंदनं ती डोळ्यांजवळ नेली. अंगठ्यानं चकती दाबली, सोडली. पुन्हा दाबली.

“खिडकी,” तो म्हणाला. मग तिच्याकडं बघून, हळू, “खिडकी काढली. मी.”

बेबीनंदाला हसावं की रडावं कळेना. जवळजवळ तीन आठवडे हा माणूस बरोबर जागेवर बोट ठेवत होता आणि सगळं घर मिळून कड्या लावत होतं. पण तो कुडकुडत होता त्या दिवशीची खिडकी कोणती होती? भिंतीतली की इंजिनातली? तिनं तेही विचारलं. तो नुसता चकती दाबत राहिला. रात्री झोपतानाही त्यानं वॉल सोडला नाही, सकाळी तिला त्याची बोटं एकेक करून उलगडावी लागली.

वॉल बसला आणि नवीनच घोटाळा सुरू झाला. दुसऱ्या सकाळी गाव सोडून चार-पाच किलोमीटर झाले नाहीत तोच काटा उठला. पहिली रेघ सोडली, दुसरी सोडली, आणि मध्यावर जाऊन बसला. धूर गेला होता, गाडी चढ असा चढत होती की पोरं मागं बडबड करायची थांबली. पण बेबीनंदाचे डोळे काट्यावर. तिनं जीप बाजूला घेतली, बोनेट उघडलं. वाफ नाही, वास नाही. पुन्हा निघाली, पुन्हा थांबली. तिसऱ्यांदा थांबली तेव्हा तिनं मिस्त्रीला फोन लावला. काटा मध्यावर आहे ना, त्यानं विचारलं. आहे. मंग चालू द्या, त्याची जागा तीच आहे. पोरांना त्या दिवशी शाळेला पाऊण तास उशीर झाला.

मिस्त्रीचं खरं मानायचं की राजानंदचा कायदा? कायदा करणारा माणूस स्वतःच म्हणत होता की खिडकी मी काढली, आणि ते सांगताना त्याचा चेहरा पडला होता. म्हणजे कायदा चुकीचा होता का? पण घाटातली वाफ तर चुकीची नव्हती. चार दिवस ती अशीच थांबत-निघत चालवत राहिली.

रविवारी तिनं राजानंदला शेजारच्या सीटवर बसवलं. लकवा मारल्यापासून दवाखान्याखेरीज तो गाडीत बसला नव्हता. चांगुणाबाईनं काठी आत दिली, पायावर शाल टाकली. बेबीनंदा भोकरदनच्या रस्त्यानं निघाली. दोन्हीकडं हरभरा, मधेच गव्हाचं रान, आणि उन्हं नुकती वर आलेली. राजानंदनं डावा तळवा डॅशबोर्डवर पालथा ठेवला होता आणि मान जरा कलती करून तो ऐकत होता.

काटा उठला. मध्यावर आला. तिचा पाय आपोआप ॲक्सिलेटरवरून सुटला.

“गार,” राजानंद म्हणाला.

“गार का गरम? काटा बघा, अर्ध्यावर आला.”

“गार. गार,” तो म्हणाला आणि तळव्यानं डॅशबोर्ड थोपटला, म्हशीची पाठ थोपटतात तसा. मग तोच हात त्यानं पुढं रस्त्याकडं केला.

गार म्हणजे गार, की गार म्हणजे गरम, की गार म्हणजे ठीक आहे, तिला ठरवता आलं नाही. तिनं त्याच्या चेहऱ्याकडं बघितलं. तो रस्त्याकडं बघत होता आणि घाई झाल्यासारखा हात हलवत होता. तिनं पुन्हा ॲक्सिलेटर दाबला. भोकरदन येईपर्यंत काटा मध्यावर होता, ती कुठंही थांबली नाही. बाजारात दोघांनी गाडीतच बसून भजी खाल्ली.

सोमवारी सकाळी ती गाडी चालू करून आवरायला आत गेली आणि बाहेर येते तो राजानंद काठी टेकत येऊन पुढच्या सीटवर बसलेला. उतरा म्हटलं तर ऐकेना. त्या दिवसापासून तो रोजच येऊ लागला. पोरांना आधी त्याची भीती वाटायची, मग गंमत वाटायला लागली. त्यांनी त्याला आपापली नावं शिकवायला घेतली. तो अक्षताला प्रेम म्हणायचा आणि प्रेमला टमाटे. अख्खी गाडी हसायची, त्यात तोही.

मार्च संपताना ऊन तापलं तसे स्टँडवरचे ड्रायव्हर बेबीनंदाला सांगायला लागले की वॉल काढा आता, न्हाईतर मे महिन्यात रडाल. मिस्त्री म्हणाला, हात लावू नका, फक्त रेडिएटर साफ करून घ्या. राजानंदला विचारलं तर त्यानं एकदा मीठ म्हटलं, एकदा काहीच म्हटलं नाही. तिनं रेडिएटर साफ करून घेतला आणि वॉल राहू दिला. आपण बरोबर केलं की नाही, याचा विचार ती पूर्ण एप्रिल करत होती. पारा बेचाळीसवर गेला, काटा मध्यापासून केसभर वर सरकला आणि तिथंच राहिला.

शाळेला सुट्टी लागली त्या दिवशी पोरांनी वहीच्या एका पानावर अकरा नावं मोठ्या अक्षरांत लिहून राजानंदला दिली, सुट्टीत पाठ करायला. तो ते पान रोज संध्याकाळी अंगणात बसून समोर धरतो. बेबीनंदा नावावर बोट ठेवते, तो वाचतो. मेच्या अखेरीस चार नावं बरोबर यायला लागली होती. ती पाठ झाली म्हणून येतात की शेजारचा शब्द उचलता उचलता चुकून येतात, हे तिला कळत नाही. साक्षीला विचारलं तर तीही म्हणाली, मला सांगता येणार नाही, आई, तुम्ही त्यांच्याकडून नावं वाचून घेत राहा.